मेटल म्हणजे नुसता गोंगाट?

“गिटार बडवायचं, आवाज वाढवायचा, झालं मेटल! पन्नास वर्षं तेच चाललंय.” कोल्हापुरात हे सतत ऐकू येतं, तेही गाण्यावर मनापासून प्रेम करणाऱ्यांकडून. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात, देवल क्लबच्या बैठकांत तयार झालेल्या कानांनी न ऐकताच निकाल द्यावा, याचा राग येतो.

मेटलची गुरगुर मोठ्या आवाजातून येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका जोर दिला की ध्वनिलहरींची टोकं कापली जातात आणि नवे उपस्वर उमटतात. हेडफोनवर अगदी हळू लावा, तो खरखरीतपणा तसाच राहतो. अशा आवाजात पूर्ण कॉर्ड वाजवला तर गंधारामुळे सगळं गढूळ होतं. म्हणून वादक बहुतेकदा गंधार गाळतो आणि षड्ज-पंचमच धरतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ही जोडी परकी कशी?

आणि “तेच चाललंय” हे तर साफ चूक. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, पुढे ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक झालेल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचीच बोटं गेली. पुढे त्याने तारा सैल केल्या. 1971च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त ब्लॅक सॅबथची सगळ्यात जाड तार काही गाण्यांत पांढरी तीनवरून काळी एकवर उतरली. 1983 साली मेटालिकाच्या पहिल्या अल्बमने लय भन्नाट वाढवली. 1994मध्ये कॉर्न सात तारांच्या गिटारवर खालच्या पांढरी सहापर्यंत गेलं. स्वीडनच्या मेशुगाहमध्ये झांज चारचार मात्रा मोजत राहते, गिटारचा आकृतिबंध विषम मात्रांचा असतो, आणि दोघं बऱ्याच आवर्तनांनी समेवर भेटतात. तबल्याची साथ समजणाऱ्याने हे एकदा हातावर ताल धरून ऐकावं.

“हे आपलं नाही” म्हणणाऱ्यांसाठी: मुंबईत रॉक मशीन हा बँड 1984 साली सुरू झाला, डेमॉनिक रिझरेक्शन 2000मध्ये. डेमॉनिक रिझरेक्शनचा 2017चा अल्बम विष्णूच्या दहा अवतारांवर आहे. नाव ‘दशावतार’.

सैतानाची पूजा? सॅबथची गाणी लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरातला, आणि ‘वॉर पिग्ज’ हे युद्धखोरांविरुद्धचं गाणं आहे.

पोरं हिंसक होतात? क्वीन्सलँड विद्यापीठाच्या 2015च्या अभ्यासात चिडलेल्या श्रोत्यांचा राग असं संगीत ऐकून वाढला नाही, त्यांना उलट बरं वाटलं. श्रोते फक्त 39 होते, हेही सांगायला हवं.

गळा फाटतो? तयारीचा गायक स्वरयंत्रातल्या मुख्य पडद्यांच्या वरच्या घड्याही कंपित करतो. सायबेरियातल्या तुवा प्रदेशाच्या कंठगायनातही त्या वापरतात. चुकीच्या पद्धतीने ओरडलं तर मात्र इजा होते.

कान जातात? जातात, पण डेसिबलमुळे. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेच्या मर्यादेप्रमाणे 85 डेसिबल आठ तास चालतात, 100 डेसिबल फक्त पंधरा मिनिटं. मेटलच्या कार्यक्रमाला इअरप्लग न्याच, आणि विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर पोरं उभी करणार असाल तर त्यांच्याही कानात घाला.