खासगी दातांच्या दवाखान्यांची तपासणी : १९४८ ते २०२३

भारतातील खासगी दातांच्या दवाखान्यांवर कायद्याची देखरेख सुरू झाली ती दंतवैद्याच्या पात्रतेपासून. स्वातंत्र्यापूर्वी पदवीधर दंतवैद्य थोडे होते. कोलकात्यात डॉ. आर. अहमद यांनी १९२० साली दंत महाविद्यालय काढले आणि मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये उभे राहिले. बाकी शहरांत आणि बाजारपेठांत दात उपटण्याचे व कवळ्या बसवण्याचे काम बहुतांशी घरच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकलेले लोक करत. २९ मार्च १९४८ रोजी आलेल्या दंतवैद्य अधिनियमाने या सर्वांसाठी नोंदवही सुरू केली. मान्य पदवी असलेले ‘अ’ भागात गेले. पदवी नसली तरी किमान पाच वर्षे हाच उपजीविकेचा मुख्य धंदा असलेल्यांना ‘ब’ भागात जागा मिळाली. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होता.

या कायद्यातही निरीक्षक होते, पण त्यांचे काम दंत महाविद्यालये आणि परीक्षा पाहण्याचे होते. पदवी हाती पडली आणि नाव नोंदवले की दवाखान्यात पुढे काय चालते, हे पाहायला कोणी येत नसे. १९४९च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचा रोख रुग्णाला ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागांवर होता. एक खुर्ची, एक बेसिन आणि बाहेर दोन बाकडी असलेला दातांचा दवाखाना त्याच्या चौकटीत सहसा बसत नव्हता. १९७६च्या आचारसंहितेने जाहिरातबाजी आणि गैरवर्तन यांवर नियम घातले. २०१४ मध्ये ती सुधारली गेली. मात्र कारवाई तक्रार आल्यावरच होई.

जंतुसंसर्गाचा प्रश्न ऐरणीवर आणला तो हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीने. १९८६ मध्ये चेन्नईत भारतातील पहिले एचआयव्ही संसर्ग आढळले. त्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दंतवैद्यकासाठी संसर्गप्रतिबंधाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. १९९० मध्ये फ्लोरिडातील एका दंतवैद्याकडून रुग्णाला एचआयव्हीची लागण झाल्याची शक्यता नोंदवली गेली आणि जगभर दवाखान्यांच्या सवयींची चर्चा सुरू झाली. तोवर हत्यारे उकळून घेणे किंवा रसायनात बुडवून ठेवणे पुरेसे समजले जात असे. उकळत्या पाण्यात जिवाणूंचे बीजाणू तग धरू शकतात. दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये हत्यार पूर्ण निर्जंतुक व्हायला सुमारे दहा तास लागतात. दोन रुग्णांच्या मधल्या वीस मिनिटांत ते फक्त निर्जंतुकीकरणाच्या अलीकडच्या पायरीपर्यंत पोचते. म्हणून दाबाखालच्या वाफेचा ऑटोक्लेव्ह हा निकष ठरला : १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे, किंवा १३४ अंशांना किमान तीन मिनिटे. यंत्र चालले म्हणजे हत्यार निर्जंतुक झाले असे होत नाही. त्याची खातरजमा उष्णतेला दाद न देणाऱ्या बीजाणूंची पट्टी आत ठेवूनच करता येते. लाळ आणि रक्त आतपर्यंत ओढून घेणारा, दात कोरणाऱ्या एअरोटरचा हँडपीसही नुसता स्पिरिटने पुसून भागत नाही. हे सारे महाविद्यालयांत शिकवले जाऊ लागले, पण खासगी दवाखान्यात ते पाळले जाते की नाही हे पाहण्याचे काम कोणाकडे सोपवले गेले नाही.

बाहेरून पहिला दबाव आला तो न्यायालयाकडून. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली वैद्यकीय सेवा येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात दिला. त्यानंतर केसपेपर, संमतिपत्र, एक्स-रे आणि पावत्या जपून ठेवण्याला महत्त्व आले. ही तपासणी अर्थातच इजा झाल्यानंतरची होती.

दवाखान्याच्या दारात नियमितपणे पोचलेला पहिला नियम कचऱ्याचा ठरला. १९९८च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत महिन्याला हजारापेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या क्लिनिकना परवानगी घेण्यातून सूट होती, त्यामुळे बहुसंख्य दंतवैद्य त्यातून सुटले. २८ मार्च २०१६च्या नव्या नियमांनी ही सूट काढली. खाट असो वा नसो, प्रत्येक दवाखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी जोडणी आवश्यक झाली. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे व नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात, अशी विभागणी ठरली. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणेही याच नियमांनी बंधनकारक केले.

एक्स-रेचा धागा वेगळा आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेले आणि मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ २००४च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांखाली या यंत्रांवर देखरेख ठेवते. मान्यताप्राप्त यंत्र, त्याची ऑनलाइन नोंदणी आणि ठरावीक काळाने गुणवत्ता-चाचणी ही त्याची अंगे आहेत. सर्वसामान्य माणसाला मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला एक मिलिसीव्हर्ट आहे. यंत्राशी काम करणाऱ्यासाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० ओलांडता येत नाही.

संपूर्ण दवाखाना एकत्र पाहण्याचा प्रयत्न २०१०च्या क्लिनिकल आस्थापना कायद्याने केला. १ मार्च २०१२ पासून तो अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम, सिक्कीम आणि दिल्ली वगळता केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. नंतर आणखी काही राज्यांनी तो स्वीकारला. दातांचे दवाखाने त्यात येतात, किमान मानके ठरतात आणि जिल्हा प्राधिकरणाला तपासणीचा अधिकार मिळतो. तात्पुरती नोंदणी मात्र चौकशीशिवाय एका वर्षासाठी मिळते. कायमची नोंदणी पाच वर्षांची असते. महाराष्ट्राने हा कायदा स्वीकारला नाही. १९४९च्याच कायद्याखालील नियम राज्याने २०२१ मध्ये सुधारले. त्यांत रुग्णहक्कांची सनद लावण्याची अट आली, पण भर शुश्रूषागृहांवरच राहिला.

कोविडच्या साथीत हवेतून पसरणाऱ्या तुषारांमुळे दातांचे दवाखाने धोक्याच्या यादीत वर गेले. मे २०२०च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रतिबंधित क्षेत्रांत ते बंद ठेवले आणि लाल क्षेत्रात फक्त तातडीच्या उपचारांना मुभा दिली. रबर डॅम, जोरदार सक्शन आणि खोलीतील हवा खेळती ठेवणे यांकडे त्या काळात प्रथमच एवढे लक्ष गेले.

साथ ओसरत असतानाच तामिळनाडूतील वाणियंबाडी परिसरात मेंदूला ग्रासणाऱ्या मेलिओइडोसिस या जिवाणूजन्य आजाराचे रुग्ण सापडले. त्यांतील काहींचा माग एका दातांच्या दवाखान्यापर्यंत पोचला आणि त्या गटातील बहुतेक रुग्ण दगावले. संशोधकांचे बोट सलाइनच्या बाटलीकडे गेले : ती शस्त्रक्रियेच्या हत्याराने उघडली जाई आणि सैल बंद करून पुन्हा वापरली जाई. पदवी, कचऱ्याची परवानगी किंवा एक्स-रेची नोंदणी यांपैकी एकाही कागदावर अशी सवय दिसत नाही. ती प्रत्यक्ष काम चालू असताना पाहिल्यावरच कळते.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १९४८च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद झाली. आयोगाच्या तीन मंडळांपैकी एक शिक्षणाचे आणि दुसरे महाविद्यालयांच्या मूल्यांकनाचे आहे. तिसरे नैतिकता व नोंदणी पाहते. दवाखान्यांच्या नियमित तपासणीसाठी वेगळे मंडळ त्यात नाही. त्या दिशेने जाणारी एनएबीएच या आरोग्यसेवांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मानके ऐच्छिक आहेत. परिणामी महाराष्ट्रातील खासगी दंतवैद्याची नोंदणी राज्य दंत परिषद पाहते, कचरा प्रदूषण मंडळ, यंत्र अणुऊर्जा मंडळ आणि भरपाई ग्राहक आयोग. हत्यारे निर्जंतुक झाली की नाहीत, ही रुग्णाच्या जिवाशी थेट भिडणारी बाब अजूनही मुख्यतः दंतवैद्याच्या शिस्तीवर सोपवलेली आहे.