घरबसल्या टी-शर्टचा धंदा : छपाई त्यांची, नाव आपले, पण पैसा कुणाचा?

भाईंदर स्टेशनला पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की मुर्धा, राई ही गावे मागे पडतात आणि मोरवा गाव येते. तेथे आमची धाकटी बहीण राहते. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ती पॅकिंगच्या कामाला जाते, मेहुणे रिक्षा चालवतात. त्यांची मुलगी चित्रकलेत हुशार. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा तिने चांगल्या श्रेणीत पास केल्या आहेत. गेल्या वर्षी या मुलीने टी-शर्टचा धंदा काढला. आम्ही कौतुकाने पाहायला गेलो, तर घरात टी-शर्टचा एक गठ्ठा नाही, छपाईचे यंत्र नाही, शाईचा वास नाही. बहीण हसून म्हणाली, "दादा, तुझी भाची दुकानदार झाली, पण दुकानात माल शोधून दाखव!"

हा धंदा आता आपल्या वस्त्यांतून बरीच मुले-मुली करू पाहतात. त्याला म्हणतात प्रिंट ऑन डिमांड, म्हणजे मागणी आली की छपाई. यात आपण फक्त चित्र काढायचे, कंपनीकडे इंटरनेटवरून पाठवायचे आणि आपल्या नावाचे दुकान मोबाइलवर मांडायचे. गिऱ्हाइकाने पैसे भरले की कंपनी तिच्या कारखान्यात एकच टी-शर्ट छापते आणि आपल्या दुकानाच्या नावाने परस्पर त्याच्या घरी पाठवते. कंपनीचा खर्च वजा जाता उरेल ते आपले. अमेरिकेत कॅफेप्रेस या कंपनीने १९९९ साली हा प्रकार सुरू केला, जर्मनीत लाइपझिग येथे २००२ साली स्प्रेडशर्ट निघाली. आपल्याकडे असा माल छापणाऱ्या कंपन्या तामिळनाडूत विशेष आहेत, कारण होजिअरीच्या कापडाचे मोठे केंद्र तिरुप्पूर तेथेच आहे. मोरव्यातल्या मुलीचे चित्र, तामिळनाडूतले कापड आणि नागपूरचे गिऱ्हाईक अशी ही साखळी आहे.

ज्यांच्याकडे भांडवल नाही, त्यांना ही सोय मोठी आहे हे आम्ही आधीच कबूल करतो. आपल्या माणसाने आजवर धंद्यात पाऊल टाकले की पहिला प्रश्न मालाचा. शंभर टी-शर्ट आणायचे, त्यातले साठ विकायचे, चाळीस पलंगाखाली. दादरला सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर स्टॉल लावणाऱ्यांना विचारा, उरलेला माल परत नेताना काय वाटते ते! येथे तो धोका नाही. पण धोका नाही म्हणजे नफा आहे, असा अर्थ भाचीने काढला. आम्हीही काढला असता.

हिशेबाची वही

भाचीबरोबर आम्ही एका रविवारी वही घेऊन बसलो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, प्रत्येक कंपनीचे दरपत्रक निराळे असते. समजा टी-शर्ट ४९९ रुपयांना विकला, घरपोच. कापड आणि पुढच्या बाजूची छपाई मिळून २७० रुपये, कुरिअर ७०, त्यावर जीएसटी १७, गिऱ्हाइकाचे पैसे वसूल करून देणाऱ्या कंपनीचे १२. एकूण गेले ३६९. हाती उरले १३०.

येथपर्यंत ठीक. पण आपले गिऱ्हाईक आधी पैसे भरायला तयार नसते. "वस्तू हातात आली की पैसे," हा आपला स्वभाव, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही, कारण फसलेलीच माणसे पुष्कळ आहेत. पण पार्सल दारात येते तेव्हा पोरगा कामाला गेलेला, घरी आजी. आजी म्हणते, "आमचं नाही." पार्सल परत. कंपनीने तर छापून पाठवलेले असते, तेव्हा जातानाचे भाडे आणि बहुधा परतीचेही भाचीच्या खात्यातून कापले जाते. म्हणजे २७० अधिक ७० अधिक १७ अधिक परतीचे ७०, एकूण ४२७ रुपये. पाचांपैकी एक पार्सल असे परत आले, तर चार टी-शर्टांवर मिळालेल्या ५२० रुपयांतून ४२७ गेले. पाच ऑर्डरींमागे उरले ९३ रुपये आणि घरात एक टी-शर्ट. मोबाइलवर जाहिरात दिली असेल तर तिचा खर्च अजून यात धरलेलाच नाही!

भाचीच्या पहिल्या दोन महिन्यांत २३ ऑर्डरी आल्या, सहा पार्सले परत आली. बहिणीच्या कपाटात सहा टी-शर्ट घडी करून ठेवलेले आम्ही पाहिले. आता ती उधारीच्या ऑर्डरी फक्त ओळखीच्यांच्या घेते. बाकीच्यांना आधी फोन करून पत्ता आणि घरी कोण असेल ते विचारते. या एका फोनने पार्सले परत येणे निम्म्याहून कमी झाले, असे ती सांगते.

खरे नुकसान मात्र टी-शर्टांनी केले नाही. धंदा सुरू करण्याआधी तिने मोबाइलवर जाहिरात पाहून एक शिकवणी घेतली होती. सहा हजार रुपये फी, महिन्याला लाखाची भाषा, शेवटी रंगीत प्रमाणपत्र. हे सहा हजार बहिणीने बचत गटातून उचलले होते. शिकवले काय? कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते तेच. हप्ते मात्र गटात दरमहा भरावे लागले, आणि गटातल्या बाया दरमहा विचारीत, "पोरीचा धंदा कसा चाललाय?" बहीण आम्हांस म्हणाली, "दादा, त्या पैशाचं मशीन घेतलं असतं, तर निदान मशीन तरी दिसलं असतं." यावर आम्ही काय बोलणार? ज्याला या धंद्यात खरोखर लाख मिळतात, तो माणूस शिकवण्या कशाला विकत बसेल, हे आम्हांला तरी वेळेवर कुठे सुचले होते?

निळा जांभळा कसा झाला

भाचीचे पहिले चित्र सुंदर होते. उघडे पुस्तक, त्यावर पिंपळाचे पान आणि खाली ठळक अक्षरात एकच शब्द, ‘शिका’. पांढऱ्या टी-शर्टवर सगळे निळ्या रंगात. नमुना न मागवता तिने वाडीतल्या अकरा जणांच्या ऑर्डरी घेतल्या. पार्सले आली. निळा रंग जांभळा! आणि ‘शिका’मधली वेलांटी ‘श’ सोडून ‘क’च्या डोक्यावर जाऊन बसलेली. एका आजोबांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "पोरी, हे आधी तूच शिक." सगळे हसले, भाची रडली. अकरा जणांचे पैसे तिने हळूहळू परत केले.

दोन्ही चुकांचे कारण आम्ही एका जुन्या छपाईवाल्याकडून समजून घेतले. मोबाइलच्या पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कापडावरचा शाईचा. शाईत गडद निळा तयार करायचा तर सायन म्हणजे आकाशी आणि मॅजेंटा म्हणजे राणी रंग एकत्र करतात. राणी रंग थोडा चढला की निळ्याचा जांभळा होतो. म्हणून छपाईवाले आकाशीपेक्षा राणी रंग तीसएक टक्क्यांनी तरी कमी ठेवतात. अक्षरांचे असे की चित्रे जुळवण्याचे काही प्रोग्रॅम इंग्रजी लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. त्यांना वेलांटी आधी काढायची, जोडाक्षर जोडायचे हे कळत नाही. ‘बुद्ध’, ‘धम्म’, ‘संघर्ष’ असे शब्द तर हमखास फुटतात. उपाय सोपा आहे. शब्द टाइप करून पाठवू नये, त्याचे चित्र करून पाठवावे. भाची आता अक्षरे हातानेच काढते, आणि ती टाइपापेक्षा देखणी दिसतात असे आमचे मत आहे. चित्राची फाइल पारदर्शक पार्श्वभूमीची असावी आणि इंचाला ३०० ठिपके असावेत. बारा इंच रुंद चित्र म्हणजे रुंदीत ३६०० ठिपके. व्हॉट्सअॅपवर आलेले चित्र उचलून छापायला दिले तर ते फाटक्या जाळीसारखे दिसते.

निळ्याचा प्रश्न भाचीने आपल्या डोक्याने सोडवला. तिने कापडच निळे घेतले आणि अक्षरे पांढरी केली. निळा रंग आता कापड रंगवणाऱ्याचा, शाईचा नव्हे, म्हणून तो बदलत नाही. पांढऱ्या शाईला खर्च थोडा अधिक, पण तक्रार एकही नाही.

कापडाविषयी एवढेच सांगतो. १८० जीएसएमचे बायोवॉश केलेले सुती कापड सर्वसाधारण चांगले समजतात. छपाई दोन प्रकारची असते : डीटीजीत शाई थेट कापडावर पडते, डीटीएफमध्ये चित्र आधी फिल्मवर छापून चिकट पावडरीने आणि गरम दाबाने कापडावर बसवतात. दोन्ही टी-शर्ट उलटे करून थंड पाण्यात धुवावेत आणि छपाईवर इस्त्री फिरवू नये. आपल्याकडे कपडे ब्रश मारून, धोपटून धुतात. कंपनीने हे गृहीत धरलेले नाही. गिऱ्हाइकाला चिठ्ठीत लिहून कळवावे.

काय छापावे, काय छापू नये

बाबासाहेबांचा चेहरा टी-शर्टवर असावा काय, यावर मोरव्याच्या घरात रात्री बारापर्यंत वाद झाला. भाचीचे म्हणणे, लहानपणी आपण छातीवर बिल्ला लावायचो, तसाच हा टी-शर्ट. मेहुण्यांचे म्हणणे, बिल्ला काढून ठेवता येतो, टी-शर्ट घामेजतो आणि धुण्याच्या बादलीत पडतो. आम्ही मेहुण्यांच्या बाजूचे. भाचीने आमचे ऐकले असे नाही, पण तिची चांगली चित्रे पुस्तक, पेन, पिंपळपान आणि सांचीचे तोरण यांचीच निघाली. छातीवर छापायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. पण एका गोष्टीत मन चालणार नाही. या कंपन्यांच्या यादीत टी-शर्टबरोबर पायपुसणी, मोजे, चपलाही असतात आणि एका खुणेसरशी तेच चित्र सगळ्या वस्तूंवर चढते. जानेवारी २०१७ मध्ये अॅमेझॉनच्या कॅनडातील दुकानात आपल्या राष्ट्रध्वजाची पायपुसणी विक्रीला दिसली आणि तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर माफी मागायला लावली होती. तेव्हा यादीतली प्रत्येक खूण आपण स्वतः तपासावी.

कायद्याचेही पाहा. अशोकचक्र हे १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीत आहे, सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाही. झेंडा खांद्यावर घेऊन मिरवणुकीत चालणे निराळे आणि राष्ट्रध्वजावरचे चक्र छापून माल विकणे निराळे. सिंहमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. राष्ट्रध्वज कपड्यावर छापण्यास १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याने मनाई आहे. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरील स्वामित्वहक्काची साठ वर्षांची मुदत २०१६ अखेर संपली, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली छायाचित्रेही आता मुक्त आहेत. पण आजच्या एखाद्या चित्रकाराने काढलेले बाबासाहेबांचे चित्र त्या चित्रकाराच्या मालकीचे आहे. ते इंटरनेटवर सापडले म्हणून आपले होत नाही. आपल्याच समाजातल्या कलावंताची चित्रे आपलीच मुले न विचारता छापतात, याचे आम्हांस वाईट वाटते.

कराचे थोडक्यात : आपल्या स्वतःच्या दुकानातून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण दिल्लीच्या, हैदराबादच्या गिऱ्हाइकाला माल विकायचा तर नोंदणी करावी लागते, मग तो एकच टी-शर्ट का असेना. मोठ्या ऑनलाइन बाजारातून विकायचे असेल तर नियम आणखी निराळे आहेत, ते आधी विचारून घ्यावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के दर आहे. जीएसटी नोंदणीला आणि उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही. एजंट हजार-दोन हजार मागतो, ते त्याच्या मेहनतीचे, सरकारचे नव्हेत.

मग हा धंदा करावा की करू नये? भाचीला आम्ही बंद कर म्हटले नाही. नफा चित्रात आहे, आणि चित्र जितके आपले, तितका भाव आपला. मुंबईत सुधीर राजभर यांनी धारावीच्या कारागिरांना घेऊन टाकाऊ रबराच्या पिशव्या केल्या आणि त्यांना ‘चमार स्टुडिओ’ हे नाव दिले. ज्या शब्दाने हिणवले जाई तोच त्यांनी मालावर छापला आणि तो माल परदेशापर्यंत पोचला. त्यांचे काम हाताचे आहे, टी-शर्टचे नव्हे, पण भाव कशाला मिळतो ते त्यातून कळते. ‘जयभीम’ एवढेच लिहिलेला टी-शर्ट शंभर जण विकतात, तेथे दहा रुपये कमी करणाराच जिंकतो.

भाचीने आता दोन भाग केले आहेत. लांबच्या आणि सुट्या ऑर्डरी कंपनीकडे जातात. चौदा एप्रिलला एखाद्या मंडळाला एकदम चाळीस टी-शर्ट हवे असतील, तर कोरे टी-शर्ट घाऊक आणायचे, फिल्म जवळच्या छपाईवाल्याकडून मीटरवर छापून घ्यायची आणि घरीच हीट प्रेसने बसवायची, असा बेत आहे. हाताने चालणारे हीट प्रेस दहा-पंधरा हजारांपासून मिळते. बहिणीने गटातला शेवटचा हप्ता फेडला आहे आणि नव्या कर्जाचे नाव काढले की ती उठून स्वयंपाकघरात जाते. मेहुण्यांनी मात्र महात्मा फुले महामंडळाच्या कार्यालयात जाऊन कागदांची यादी आणली. ती आम्ही गेलो तेव्हा कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली होती.

निघताना भाचीने नवा नमुना दाखवला. निळे कापड, पांढरे पुस्तक, वेलांटी ‘श’च्या डोक्यावर. कपाटातल्या सहा टी-शर्टांपैकी एक बहीण कारखान्यात घालून जाते, साडीवरून. भांड्यांची भुकटी त्यावर दिसत नाही म्हणते.