आर्नोकाठची कोल्हापूरची छत्री

फ्लॉरेन्समध्ये मराठी पर्यटकाचा दिवस बहुतेक ठरलेलाच असतो. सकाळी कॅथीड्रलचा घुमट, मग मायकेलअँजेलोच्या डेव्हिडसाठी रांग, दुपारी पोन्ते वेक्यो पुलावर फोटो आणि उन्हं कलायच्या आत बस रोमच्या रस्त्याला. शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने साडेतीन किलोमीटर पसरलेल्या कास्चिने बागेकडे कुणी फिरकत नाही. खरं तर महाराष्ट्रातून जाणाऱ्याने आधी तिथेच जायला हवं. बागेच्या पार शेवटच्या टोकाला कोल्हापूरच्या एका छत्रपतींचं स्मारक उभं आहे.

हे छत्रपती म्हणजे राजाराम महाराज. ते १८६६ साली कोल्हापूरच्या गादीवर आले आणि १८७०च्या उन्हाळ्यात विलायतेला निघाले. समुद्र ओलांडणं हिंदू राजेरजवाड्यांत तेव्हा सहजी होत नव्हतं. बरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते. लंडनमध्ये महाराजांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंट पाहिलं, मेजवान्या झोडल्या आणि हे सगळं इंग्रजीत रोजनिशीत उतरवून ठेवलं. वेस्टने संपादित केलेली ती रोजनिशी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. संपादक वेस्ट असल्यामुळे महाराजांच्या मनातलं त्यात किती उतरलं आणि साहेबाला रुचेल तेवढंच किती राहिलं, अशी शंका वाचताना येत राहते. परतीच्या वाटेवर फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं होतं. फ्रान्स टाळून जर्मनीमार्गे आल्प्स ओलांडत मंडळी इटलीत उतरली. वाटेत महाराजांची तब्येत ढासळली ती सावरलीच नाही. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस.

आता पेच उभा राहिला. बरोबरच्या मंडळींना धर्माप्रमाणे दहन करायचं होतं आणि तेही नदीच्या संगमावर. पंचगंगेच्या काठी आपल्या राजांच्या समाध्या पाहत वाढलेल्या लोकांना यात विशेष काही मागतोय असं वाटलं नसेल. पण कॅथलिक फ्लॉरेन्सला मुडदा जाळणं ही कल्पनाच सहन होणारी नव्हती. इटलीतलं पहिलं दहनगृह मिलानमध्ये सुरू झालं ते १८७६ मध्ये, म्हणजे यानंतर पाच-सहा वर्षांनी. एक गोष्ट मात्र पथ्यावर पडली. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, रोमला कारभार हलायचा होता, त्यामुळे ब्रिटिश वकिलात याच शहरात होती. तिच्या मध्यस्थीने परवानगी मिळाली. जागा ठरली ती कास्चिनेचं टोक, जिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. रात्रीच्या अंधारात चिता पेटली आणि एवढी आडवेळ असूनही बघ्यांची गर्दी जमली. भल्याभल्या मिरवणुका पाहिलेल्या त्या शहराला हा विधी नवाच होता.

कास्चिने ही मुळात मेदिची घराण्याच्या गाईगुरांची जागा. नावातच दुधाचे गोठे आहेत, तेव्हा कोल्हापूरकराला तिथे परकं वाटायचं कारण नाही. पुढे राजघराण्याची शिकारीची आणि फेरफटक्याची जागा झाली आणि मग सगळ्यांसाठी खुली. इंग्रज कवी शेलीने १८१९ मध्ये पश्चिमेच्या वाऱ्यावरची आपली प्रसिद्ध कविता इथल्याच झाडीत रचायला घेतली. आज बागेचा रंग पूर्ण घरगुती आहे. मंगळवारी सकाळी नदीकडच्या रस्त्यावर मोठा बाजार भरतो. कपडे, चपला, भांडीकुंडी, चीज आणि भाजलेल्या कोंबड्या, सगळं एका रांगेत. घासाघीस करणाऱ्या आजीबाई पाहून आपल्या आठवडी बाजाराची आठवण होते. बाजार संपला की झाडांची दुहेरी रांग, सायकली, धावणारी तरुण मंडळी आणि घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. हे सगळं मागे टाकत पश्चिमेकडे चालत राहायचं.

मी एका सायकलवाल्याला वाट विचारली. ‘इंदियानो’ म्हणताच त्याने समोरच्या मोठ्या पुलाकडे बोट दाखवलं. मला पूल नको, स्मारक हवं होतं, पण त्याचं चुकलं नव्हतं. १९७८ मध्ये पूर्ण झालेला, तारांवर तोललेला हा पूल याच स्मारकामुळे ‘पोन्ते आल इंदियानो’ झाला. लांबलचक मुख्य गाळा आणि त्यावरून अखंड धावणारी वाहनं. महाराजांचं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही, पण ‘तो हिंदी माणूस’ मात्र रोजच्या पत्त्यात आणि दिशादर्शक फलकांवर जाऊन बसला. हे अर्धवट स्मरण म्हणायचं की निव्वळ विसर, मला ठरवता आलेलं नाही.

स्मारक पुलाच्या अलीकडे झाडांमधल्या मोकळ्या जागेत आहे. लोखंडी कठड्याच्या आत चौथरा, त्यावर खांब, वर छत्री, आणि छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा. पुतळा फ्लॉरेन्समध्येच काम करणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. पांढऱ्या संगमरवराच्या या शहरात त्याने पुतळ्याला चक्क रंग दिला. सावळा, कोवळा चेहरा, डोक्यावर पागोटं, गळ्यात दागिने. मायकेलअँजेलो पाहून आलेल्या डोळ्यांना तो जरा भडक वाटतो. मला तो आवडला. गणपतीच्या कारखान्यात अर्धं बालपण घालवलेल्या माणसाला रंगवलेल्या मूर्तीचं वावडं कसं असेल? चौथऱ्यावर एकाहून अधिक भाषांत लेख आहेत. इंग्रजीतला लेख मजकुरापुरता बोलतो: कोण, कुठला, कधी गेला आणि कुठून कुठे निघाला होता.

कोल्हापूरकराने मात्र पुतळ्यापेक्षा छत्रीकडे नीट पाहावं. १८७४ मध्ये उभारलेल्या या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचं टाऊन हॉल त्यांचंच आणि त्यानंतर काही वर्षांनी बांधायला घेतलेला नवा राजवाडाही त्यांचाच. पाश्चात्त्य आणि देशी घडणीचं मिश्रण हा त्यांचा हातखंडा. अशी इमारत आपल्याकडे पाहून पाहून डोळ्यांना इतकी सवयीची झाली आहे, की टाऊन हॉलच्या बागेत बसणाऱ्याला तिचं काही वाटत नाही. तीच शैली टस्कनीच्या झाडीत समोर आली की तिचा दोन्हीकडचा परकेपणा लख्ख दिसतो. इथल्या लोकांना ही अस्सल हिंदुस्थानी, आणि आपल्याला कळतं की हा एका इंग्रज इंजिनिअरने कल्पिलेला हिंदुस्थान आहे. गंमत अशी की आज कोल्हापूरची ओळख म्हणून आपण जगाला दाखवतो तो राजवाडाही याच कल्पनेतून आला. आणि महाराजांचं नाव? ते गावात राजाराम कॉलेजने जपलं आहे.

छत्रीपासून दोन मिनिटांवर संगम. मुन्योने उन्हाळ्यात इतका रोड होतो, की त्याला नदी म्हणायला धीर लागतो. आर्नो मात्र रुंद आणि मातकट. काठाला गवत, वर पुलाचा घरघराट. गंभीर व्हायला फारशी सवड मिळत नाही आणि ते बरंच आहे.

जायचं कसं? सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकावरून टी-१ ट्राम घेऊन कास्चिने थांब्यावर उतरायचं आणि पश्चिमेकडे सरळ चालायचं. अडीच-तीन किलोमीटर होतात, सायकल भाड्याने घेतली तर उत्तम. वाटेत खायला फारसं काही मिळत नाही, तेव्हा शिदोरी सोबत असू द्या. अंधार पडल्यावर बागेत रेंगाळू नका. दिवस निवडायचा तर सोमवार निवडावा. त्या दिवशी उफिझी आणि डेव्हिडचं अकादेमिया ही दोन्ही कलादालनं बंद असतात आणि अर्धा दिवस आपसूक हाताशी येतो.