पेशंट कोणी आणला?

महामार्गालगतच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, अपघाताचा पेशंट बहुतेक वेळा नातेवाईक आणत नाहीत. आणतो तो दूध घालून परतणारा पिकअपवाला, भाजी घेऊन मार्केटला निघालेला टेम्पोवाला, नाहीतर वडापवाला. बसलेले पॅसेंजर खाली उतरवून वडापच्या जीपमध्ये जखमीला आडवं घातलेलं मी पाहिलंय. सातारा-कराड पट्ट्यात माझी बरीचशी नोकरी कॅज्युअल्टीत गेली. सामान्य माणसाने देशासाठी काय करावं, असं एखाद्या व्याख्यानात ऐकलं की मला ही माणसं आठवतात. त्यातली बरीचशी पेशंट स्ट्रेचरवर ठेवला की पाच मिनिटांत गायब व्हायची. अशी का पळायची, ते सांगते.

गळीत हंगामातली रात्र होती. उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल धडकली होती. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. पोराला आणणाऱ्या टेम्पो ड्रायव्हरने आपला टॉवेल त्याच्या मांडीवर इतका घट्ट दाबून धरला होता, की "दादा, आता सोडा, आम्ही बघतो," असं दोनदा सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हा दाब होता म्हणून पोरगं इथवर आलं. ड्रायव्हरने खिशातून पोराचा मोबाईल काढून माझ्याकडे दिला. "ताई, घरून सारखा फोन येतोय. काय सांगू म्हणून उचलला नाही." तेवढ्यात केसपेपरच्या खिडकीतून आवाज आला, "पेशंट कोणी आणला? धडक तुमचीच का? पोलीस आल्याशिवाय हलायचं नाही." ड्रायव्हरचा चेहरा उतरला. मी ड्रेसिंगला लागले, मान वर करून पाहते तर टेम्पो गेलेला.

त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं. जबाब, चौकीच्या चकरा, कोर्टाच्या तारखा, मालक खाडा कापणार ते वेगळंच. गावोगाव ऐकवलेल्या शहाणपणाचं सार एकच असतं, "कशाला लफड्यात पडतोस?"

कायदा मात्र आता मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे आणि तो लोकांना माहीत नाही, हे खरं दुखणं आहे. जखमीला आधी उपचार, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं. पुढे 'सेव्हलाइफ फाउंडेशन' या संस्थेच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम निघाले. त्यांचा अर्थ साध्या भाषेत असा: मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, चांगल्या हेतूने मदत केलीत आणि तरीही जखमी दगावला, तर तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. झालात, तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी, तुमच्या घरी किंवा कामाच्या जागी घ्यायचा आणि त्यासाठी अधिकाऱ्याने साध्या वेशात यायचं. हे हक्क दवाखान्याच्या दारात स्थानिक भाषेत लावायचे आहेत. तुमच्या जवळच्या दवाखान्यात तो फलक आहे का, एकदा बघा. नसेल तर विचारा. केंद्र सरकारने २०२१ पासून अशा मदतीला बक्षीसही ठेवलंय, पण मी पाहिलेल्यांपैकी कुणीही पैशासाठी थांबलेला नव्हता.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. वेळेवर उपचार मिळाले तर यातली कितीतरी वाचतात, हे कॅज्युअल्टीतल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. रक्त वाहत असलं तर हातातली मिनिटं थोडी असतात.

म्हणून काय करायचं तेही सांगते. आधी आपली गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर लावा, नाहीतर तुम्हीच दुसरा पेशंट व्हाल. १०८ ला किंवा ११२ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही चालतो. ठिकाण सांगताना किलोमीटरचा दगड, पुलाचं किंवा ढाब्याचं नाव सांगा. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड ठेवून दाबा. ते भिजलं तर काढू नका, वर दुसरं ठेवा. अंगात काही घुसलं असेल तर उपसू नका. शुद्ध नसताना पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. शुद्धीत असला तरी नको, ऑपरेशन लागलं तर अडचण होते. मानेला मार असावा अशी शंका आली आणि ॲम्ब्युलन्स येत असेल, तर हलवू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही ओढून काढू नका. उलटी होत असेल तर मान आणि धड एकाच रेषेत ठेवून कुशीवर वळवा, दोघं-तिघं मिळून. फोटो काढणाऱ्यांना हात जोडून बाजूला करा, नाहीतर त्यांनाच वाहतूक आवरायला उभं करा. रिकाम्या हाताला काम दिलं की गर्दीचा त्रास कमी होतो.

आता राहिलो आपण, म्हणजे बाकीचे. रस्त्यावर थांबायला हिंमत लागते, पण ती एकट्याच्या पोटातून येत नाही. आज थांबलेल्याला आपण कसं वागवलं, ते ऐकून उद्याचा माणूस ठरवतो. आमच्याकडे पुढे आम्ही दोघी-तिघींनी ठरवून एक केलं. पेशंट आणणाऱ्याला आधी हात धुवायला साबण आणि पाणी द्यायचं, वॉर्डबॉय मामांना सांगून चहा आणायचा, मगच "पेशंट कोणी आणला?" म्हणून विचारायचं. प्रश्न तोच, पण सूर बदलला. नाव नको म्हणाला तर नको. गंमत म्हणजे त्यानंतर बरेच जण आपणहून नाव सांगायचे. काही तर नातेवाईक येईपर्यंत थांबायचे, अपघात कुठे आणि कसा झाला ते नीट सांगायचे. त्या माहितीचा डॉक्टरांना उपयोग व्हायचा, पोलिसांनाही.

हे करायला नर्स असावं लागत नाही. ट्रॉलीमालक असाल तर मागे रिफ्लेक्टर लावा. टेम्पोमालक असाल तर पेशंट पोचवायला गेलेल्या ड्रायव्हरचा खाडा धरू नका आणि सीट रक्ताने भरली म्हणून त्याला बोलू नका. आई असाल तर उशिरा आलेल्या मुलाला "तुलाच काय पडलं होतं?" असं विचारू नका. जेवायला वाढा आणि पेशंट कसा आहे ते विचारा.