लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरच्या नळ्या : नातेवाईकांसाठी थोडी माहिती

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वॉर्डात आणला जातो तेव्हा नातेवाईकांची नजर त्याच्या चेहऱ्याआधी नळ्यांकडे जाते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. हाताला सलाईन, नाकाशी प्राणवायू, पोटाच्या बाजूने निघालेली एक नळी, पलंगाला अडकवलेली लघवीची पिशवी आणि पायांना गुंडाळलेले, फुगणारे व ओसरणारे पट्टे. ‘साहेब, पेशंट सीरियस आहे का?’ असे विचारत मंडळी थेट कार्यालयात येतात. गंमत अशी की, अलीकडे नेमकी उलट तक्रारही येऊ लागली आहे. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या पोटात नळी ठेवली, आमच्या रुग्णाच्या ठेवली नाही. मग बिल जवळपास सारखेच कसे?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकीय निर्णय माझ्या अधिकारातील नाहीत. तथापि हे प्रश्न माझ्या टेबलावर येत असल्यामुळे त्यांची उत्तरे आमच्या शल्यविशारदांकडून व परिचारिका भगिनींकडून मी वेळोवेळी समजून घेतली. ती येथे देत आहे.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. एकात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद पिशवी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी छोटीशी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीद्वारे होतात. बाहेरून चार-पाच छोट्या जखमाच दिसतात, परंतु आत स्टेपलरच्या बारीक पिनांची लांब शिवण असते. ती शिवण धरेल ना, हीच पुढील काही आठवड्यांची खरी काळजी होय.

बहुतेक नळ्या साध्या कामाच्या व अल्प मुदतीच्या असतात. रुग्ण तोंडाने पुरेसे घोट घेऊ लागला की सलाईन बंद होते. लठ्ठ रुग्णाच्या हातावर शीर सापडणे कठीण असल्याने कधीकधी ती मानेतून लावावी लागते. त्याचा अर्थ प्रकृती गंभीर आहे असा नव्हे. लघवीची नळी मूत्राशयात एका छोट्या फुग्याने अडकवलेली असते, म्हणून ती कोणीही ओढू नये. ती साधारणतः दुसऱ्या दिवसापर्यंत निघते. पायांचे पट्टे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून असतात. आमच्याकडील या पट्ट्यांचे पंप देणगीतून आलेले आहेत, हे देणगीदारांना मुद्दाम सांगावेसे वाटते. अर्थात रुग्णाने त्याच दिवशी उठून चार पावले चालणे, हाही गुठळ्यांवर चांगला उपाय आहे.

नाकातून जठरात जाणाऱ्या नळीला आपल्याकडे रायल्स ट्यूब म्हणतात. जॉन रायल या ब्रिटिश वैद्याने ती १९२१ साली प्रचारात आणली. पूर्वी पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ती कित्येक दिवस ठेवण्याची पद्धत होती. आता ती बहुधा शस्त्रक्रियागृहातच काढली जाते. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेबाबत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनीही ही नळी सरसकट ठेवू नये असेच सांगितले आहे.

आता पोटातील नळी, म्हणजे ड्रेन. हिच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. जठराच्या शिवणीजवळ तिचे एक टोक असते व दुसरे टोक बाहेर, दाबून हवा काढलेल्या फुग्याला किंवा डबीला जोडलेले असते. आत साचणारे रक्तमिश्रित पाणी तीत ओढले जाते. पहिल्या दिवशी ते लालसर दिसते, मग गुलाबी आणि पुढे गवती पिवळे. लाल रंग पाहून घाबरू नये. मात्र एकाएकी ताजे रक्त भरू लागले, पाणी हिरवट वा गढूळ झाले किंवा दुर्गंधी आली, तर सिस्टरना तत्काळ सांगावे. दर पाळीला किती पाणी जमले याची नोंद तक्त्यावर होते. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला तो तक्ता रोजकीर्दीसारखा वाटतो. एक नोंद राहिली की पुढचा सगळा ताळा चुकतो. म्हणून नातेवाईकांनी मदत म्हणून ती डबी परस्पर रिकामी करू नये.

ड्रेन ठेवल्याने शिवण अधिक पक्की होत नाही. आत काही बिघडल्यास त्याची वर्दी कधीकधी तिच्यातून मिळते, इतकेच. सर्वांना ती ठेवण्याने लाभ होतो, असा पुरेसा पुरावा नसल्याने काही शल्यविशारद ती ठेवतात, तर काही निवडक रुग्णांतच ठेवतात. तेव्हा नळी नाही म्हणून हयगय झाली, असे समजू नये.

नळी स्वच्छ म्हणजे धोका टळला, हा समज याहून घातक आहे. हे आम्ही एका प्रसंगातून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्याच येथील एक भगिनी चौथ्या दिवशी घरी गेल्या. ड्रेन स्वच्छ होती, म्हणून ती काढली होती. पुढील आठवड्यात त्यांना डाव्या खांद्यात दुखू लागले, छातीत धडधड होऊ लागली, थोडा ताप आला. घरच्यांनी तीन दिवस वाट पाहिली. ‘नळीत तर काहीच आले नव्हते,’ असे त्यांचे यजमान मला पुन:पुन्हा सांगत होते. शिवणीच्या वरच्या टोकाशी गळती झाली होती. पुन्हा नळ्या आल्या. एक पोटातील पू काढण्यासाठी आणि एक आतड्यात थेट अन्न देण्यासाठी, आणि या वेळी त्या दिवसांवर नव्हे तर आठवड्यांवर मोजाव्या लागल्या. त्या बऱ्या झाल्या. बिलाचा मोठा भाग विश्वस्त मंडळाने रुग्णसाहाय्य निधीतून दिला.

त्यांचे डिस्चार्ज कार्ड मी नंतर काढून पाहिले. ‘ड्रेन काढली’ एवढीच नोंद, तीही इंग्रजीत. कशाकडे लक्ष ठेवावे याचा एक शब्द नव्हता. चूक आमची होती. आता कार्डावर मराठीत ठळक अक्षरांत छापले जाते : विश्रांतीतही नाडी सतत मिनिटाला १२० च्या आसपास किंवा अधिक राहिली, ताप आला, पोट वा डावा खांदा दुखू लागला, धाप लागली, तर दिवस-रात्र न पाहता रुग्णालयात यावे. गळती झाली असता नाडीची गती वाढणे हे अनेकदा पहिले लक्षण असते. म्हणून घरी जाण्यापूर्वी एका नातेवाइकाला मनगटावरची नाडी मोजायला सिस्टर शिकवतात.

ड्रेन काढताना काय होते, हेही अनेकजण दबक्या आवाजात विचारतात. टाका कापतात, दीर्घ श्वास घ्यायला सांगतात आणि नळी ओढून घेतात. आतून काही सरकल्यासारखे विचित्र वाटते, पण काही क्षणच. जखमेतून एक-दोन दिवस थोडे पाणी येते. वर गॉजची पट्टी असते. क्वचित कोणाला ड्रेनसह घरी पाठवावे लागते. त्यांनी डबी नेहमी जखमेपेक्षा खाली ठेवावी, कपड्याला पिनेने अडकवावी, हात धुऊनच रिकामी करावी, पुन्हा दाबून हवा काढूनच झाकण लावावे आणि जमलेले पाणी वहीत लिहावे.

शेवटी एक सूचना, जी आमचे शल्यविशारद प्रत्येकाला देतात. घरी गेल्यावर उलट्या होऊ लागल्या आणि रुग्णाला गावातील दुसऱ्या दवाखान्यात न्यावे लागले, तर नाकातून नळी घालण्यापूर्वी तेथील डॉक्टरांना या शस्त्रक्रियेविषयी अवश्य सांगावे. ताज्या शिवणीला अंदाजाने घातलेल्या नळीमुळे इजा होऊ शकते. रुग्ण स्वतः सांगण्याच्या अवस्थेत असेलच असे नाही. म्हणून आम्ही डिस्चार्ज कार्डाच्या दोन प्रती देतो. एक घरी ठेवावी व दुसरी सोबतच्या माणसाने पाकिटात बाळगावी.