एका पेशीचा धागा

पोरांनो, फुटलेल्या बोंडातली एक सरकी घ्या आणि तिच्यावरचा एकच तंतू चिमटीत धरून हळूच ओढा. आपल्या झरी गावच्या काळ्या रानातला हा तंतू जेमतेम इंचभर भरेल. पण ही एकच पेशी आहे बरं का! एरवी पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि ही तुमच्या बोटांत आहे.

कपाशीचं फूल ज्या दिवशी उमलतं, त्याच सुमारास आत कोवळ्या बियांच्या सालीवरच्या काही पेशी डोकं वर काढतात. एकेका सरकीवर अशा हजारो. प्रत्येकीच्या पोटात पाण्याची पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. तिच्यात पोटॅशियम आणि साखर साठते, त्यांच्या ओढीनं पाणी आत शिरतं, दाब वाढतो आणि पातळ भिंत लांबत जाते. वीसेक दिवसांत पेशी आपल्या जाडीच्या हजारपटीहून लांब होते. या दिवसांत रानाला पाणी कमी पडलं, तर धागा आखूड का राहतो, ते आता कळलं ना?

मग भिंत भरायचं काम. पेशीभोवती स्निग्ध रेणूंचं दुहेरी पटल असतं आणि त्यात प्रथिनांची इवली यंत्रं बसवलेली असतात. ती कशी घडवायची, ते केंद्रकातल्या डीएनएत नोंदलेलं असतं. देशी कपाशीत 26 गुणसूत्रांवर, अमेरिकन कपाशीत 52. पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेतलं ग्लुकोज ही यंत्रं एकापुढं एक जोडत जातात. अशा हजारो ग्लुकोजच्या सरळ साखळ्या एकमेकींना बिलगल्या की झालं सेल्युलोज. बोंड फुटतं तेव्हा पेशी मेलेली असते. आतला रस आटतो, नळी चपटी होते, तिला पीळ पडतो. आणि त्या पिळामुळंच तंतू एकमेकांत अडकून सूत निघतं. 1665 मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाच्या कापात ज्या पेशी पाहिल्या, त्याही अशाच मागं उरलेल्या भिंती होत्या.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढंच. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ ज्वारी घ्या. तिच्या दाण्यातलं स्टार्चसुद्धा ग्लुकोजचंच! फरक फक्त सांध्याचा. सेल्युलोजमध्ये दर दुसरा ग्लुकोज उलटा बसतो, म्हणून साखळी सरळ राहते. स्टार्चमध्ये सगळे एकाच बाजूनं बसतात, म्हणून ती वेटोळी होते. चिमूटभर पिठावर आयोडीनचा थेंब टाका: वेटोळ्यात आयोडीन अडकतं आणि पीठ निळंकाळं पडतं. धुतलेल्या कापसावर टाका, तो नुसता पिवळट होईल.

भाकरीतले सांधे आपली लाळ तोडायला लागते. भाकरी नुसती चावत राहा, गोड लागेल. कापसातला सांधा मात्र आपल्याला तुटत नाही. कडब्यातही तेच सेल्युलोज असतं, पण तो खाऊन बैल नांगर ओढतो, कारण त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव मुक्कामाला असतात. तो सांधा तोडणारं विकर त्यांच्यापाशी आहे. बैल रवंथ करतो तो कडबा आणखी बारीक करून त्यांच्या हवाली करण्यासाठी.