इथेनॉलमधलं शेवटचं पाणी
भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीसाठी प्रसिद्ध. पण या तालुक्यात मकाही पिकतो, आणि मक्यापासून इथेनॉल होतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर त्यातलं जवळपास सगळं पाणी काढावं लागतं. घोडं अडतं ते शेवटी. इथेनॉल वजनाने ९५.६ टक्क्यांवर पोचलं की ७८ अंशांच्या आसपास इथेनॉल आणि पाणी दोन्ही त्याच प्रमाणात उकळतात. साधं ऊर्ध्वपातन कितीही करा, व्यर्थ!

इथे पॉलिमरचा पडदा कामी येतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पातळ थरात पाण्याचे रेणू आधी मुरतात, मग सरकत पलीकडच्या निर्वात बाजूला वाफ होऊन निघून जातात. त्याला चाळणी समजू नका, भोकं नसतातच. सिलिकॉन रबराच्या पडद्याची तऱ्हा उलटी: तो पाणी सोडून इथेनॉलच ओढतो. आपले बहुतेक कारखाने मात्र अजून पाणी शोषणाऱ्या झिओलाइटच्या दाण्यांवरच भागवतात.